यमूला बंडखोर नायिका म्हणायचं का? ('पण लक्षात कोण घेतो?' वाचलेल्यांनी सांगा)

रानजाई:
आमचा एक छोटासा वाचनगट आहे, महिन्यातनं एकदा भेटतो. या वेळचा विषय 'मराठी कादंबरीतली बंडखोर नायिका', प्रत्येकाने एकेक निवडून तिच्यावर पंधरा मिनिटं बोलायचं. मी पटकन म्हणून गेले, यमू. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधली. तर आधी सगळे गप्प आणि मग हसायलाच लागले. अगं ती कसली बंडखोर, ती बिचारी आयुष्यभर सोसते, शेवटी तिचं जबरदस्तीने केशवपन करतात आणि ती मरते, बंडखोर म्हणजे जी घर सोडते, समाजाच्या नाकावर टिच्चून जगते ती, वगैरे वगैरे. मला तिथे धड उत्तर देता आलं नाही. माझं नेहमीचंच आहे, उत्तर सुचतं ते जिना उतरताना.

पण मला अजूनही वाटतंय की मी चूक नाहीये. म्हणजे बघा, पूर्ण पुस्तक ती स्वतः सांगतेय. 'मी'. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात हे क्रमशः यायला लागलं, म्हणजे तेव्हाच्या घराघरात एका विधवा बाईचं 'मी असं पाहिलं, मला असं वाटलं, माझ्या आईचं असं झालं' हे जाऊन पडत होतं. घरातल्या मोठ्या माणसांबद्दल ती जे लिहिते ते तोंडाने बोलली असती तर तिचं काय झालं असतं कल्पना करा.

पण दोन गोष्टींनी माझंच मन खातंय. एक म्हणजे ती जे काही वेगळं करते, वाचणं, मुंबईला दोघांचंच घर, बाहेर फिरणं, ते सगळं रघुनाथरावांच्या पाठिंब्यावर. नवराच सुधारक निघाला म्हणून जमलं. आणि दुसरं, हे लिहिणारा पुरुष आहे. मग बंड नक्की कोणाचं? पुढच्या भेटीत यावर बोलायचंय, नायिका बदलू का हिलाच धरून राहू?

आडवातिडवा:
बदला. स्पष्ट सांगतो, मला यमू झेपली नाही. अर्ध्यात सोडली दोनदा. नुसती रडारड आहे हो, आणि हरिभाऊ मधेमधे थांबून आपल्याला समजावत बसतात की बघा कसं वाईट आहे ते. बंडखोरच पाहिजे तर केतकरांची कालिंदी घ्या, 'ब्राह्मणकन्या', १९३०. आईच्या बाजूचं कुळ कमी म्हणून हिच्या लग्नाची पंचाईत, तर ही बाई सरळ उठून एका वेगळ्या जातीच्या माणसाबरोबर लग्न न करता राहायला जाते, मूल होतं, तो सोडून देतो, आणि तरी ती विहिरीत उडी मारत नाही, कामाला लागते. जुन्या मराठी कादंबरीत अशी चुकलेली बाई मेलीच पाहिजे असा अलिखित नियम होता, कालिंदी तो मोडते. भाषा कोरडी आहे हे मान्य, ज्ञानकोश लिहिणाऱ्या माणसाने कादंबरी लिहिल्यावर आणखी काय होणार, पण नायिका म्हणून यमूच्या शंभर पावलं पुढे.

जुनी_पानं:
आडवातिडवा, कालिंदी मलाही आवडते, पण तुम्ही १९३० ची बाई घेऊन १८९० च्या बाईला पायऱ्या मोजायला लावताय. चाळीस वर्षांचा फरक आहे मधे.

रानजाई, मी काही वर्षं मुलांना ही कादंबरी शिकवली आहे. दर वर्षी वर्गातला पहिला प्रश्न हाच यायचा, ती पळून का नाही गेली? मी उलट विचारायचे, कुठे? आणि मग फळ्यावर आम्ही खरंच मांडायचो की त्या काळात विधवा बाई घरातून निघाली तर तिच्यापुढे दारं कोणती होती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे कागदावर परवानगी होऊन चौतीस वर्षं झालेली. पण त्याच कायद्यात असंही होतं की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला, आणि कायदा काही जातीचा बहिष्कार उठवत नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, १८८९ ला मुंबईत निघालं, पुढच्याच वर्षी पुण्याला आलं, आणि १८९३ मधे धर्मांतराच्या वादाने इतकं पेटलं की लोकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम तर १८९६ चा, तेव्हा यमूची गोष्ट संपून तीन वर्षं झाली होती. फळ्यावर जेमतेम दीड दार उरायचं.

आणि मग मी त्यांना गोदूबाईंचं सांगायचे. लहानपणीच विधवा झालेली मुलगी, शारदा सदनात शिकली, आणि १८९३ मधे धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. कादंबरी पुस्तक म्हणून पुरी झाली तेच वर्ष! लग्नानंतर दोघं मुरुडला गेली तर गावाने वाळीत टाकलं. म्हणजे सुटलेली बाई होती, खरी, नावागावाची, पण ती सुटली कारण तिला शाळेत घालणारा भाऊ होता, ती शाळा काढणारी रमाबाई होती आणि बहिष्कार अंगावर घेणारा नवरा होता. यातलं एक जरी वजा केलं तरी यमूच उरते. हे ऐकल्यावर वर्ग गप्प व्हायचा. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा, जी एरवी कशानेच गप्प होत नसत.

रानजाई:
@जुनी_पानं मॅडम, हे दीड दार मी उचलणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सोनचाफा१२:
मला तुमचा पहिला मुद्दा, नवऱ्याच्या पाठिंब्याचा, तो जास्त महत्त्वाचा वाटतो आणि मला वाटतं तुम्ही तो यमूच्या विरोधातला मुद्दा म्हणून धरताय पण तो कादंबरीचा गाभाच आहे.

बघा ना, मुंबईचे दिवस किती सुखाचे आहेत त्यात. दोघांनी बसून वाचायचं, बोलायचं, स्वतःचं घर, मित्रमंडळी, त्यांच्या बायका. वाचणाऱ्यालाही हायसं वाटतं की चला सुटली बिचारी. आणि मग नवरा जातो आणि एका फटक्यात सगळं काढून घेतलं जातं, पुस्तकं, घर, केस, सगळं. सासरच्या शंकरमामंजींना हातात वस्तरा घ्यावाच लागत नाही, घरात त्यांचा शब्द चालतो एवढं पुरतं. म्हणजे ती जे भोगत होती ते तिचं नव्हतंच, उसनं होतं. ज्याने दिलं तो असेपर्यंत. नवरा कितीही चांगला असो, परवानगी ती परवानगीच. मला वाचताना हे इतकं अंगावर आलं की मी नवऱ्याला म्हटलं (तो तसा रघुनाथरावच आहे, चांगला आहे बिचारा) की बँकेतलं सगळं नीट जॉइंट आहे ना रे, तर तो म्हणे कादंबरी वाचतेस की विमा काढतेस.

तर तुमच्या गटाला विचारा की एका बाईला कळलंय की तिचं सगळं सुख उसनं होतं, आणि ते कळून ती ते लिहून ठेवते. हे बंड नाही तर काय आहे? नवरा गेल्यावर तिला कोणाचा पाठिंबा होता लिहायला?

आडवातिडवा:
लिहिणं म्हणजे बंड हे मला नेहमीच जरा सोयीचं वाटतं. लिहिणाऱ्या लोकांनीच काढलेली व्याख्या आहे ती. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं तिचं बंड कुठे मोजायचं मग? दुर्गीचं घ्या. यमूची मैत्रीण, नवरा मारतो, छळतो, तिला ना शिकवणारा मिळाला ना मुंबई. दुर्गीकडे पेन नाही म्हणून ती बंडखोर नाही?

सोनचाफा१२:
हा मुद्दा बरोबर आहे. म्हणजे मला आत्ता उत्तर नाहीये. पण दुर्गी आपल्याला कळते ती यमूमुळेच ना? यमू फक्त स्वतःचं नाही लिहीत, आईचं लिहिते, दुर्गीचं लिहिते. स्वतःपुरतं रडली असती तर मीही म्हणाले असते रडारड.

वाटसरू:
दुसऱ्या मुद्द्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून, लेखक पुरुष असण्याबद्दल. मला त्यात एक गंमत दिसते ती सांगतो, जरा लांबण लागेल.

१८९० मधे एक पंचविशीतला पुरुष बाईच्या आवाजात 'मी' म्हणून लिहितो आणि स्वतः मागे उभा राहतो. लोक वाचतात, हळहळतात, हरिभाऊंचं नाव मोठं होतं. आता १९३३ ला या. 'कळ्यांचे निःश्वास' येतं, विभावरी शिरूरकर या नावाने, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं, शरीराचं सुद्धा, आणि गदारोळ होतो, की ही कोण बाई आणि हिची हिंमत कशी झाली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. खरी बाई खरं लिहायला बसली तर तिला नाव लपवावं लागलं. आणि पुरुषाने बाई होऊन लिहिलं तर त्याचं कौतुक. बाईने रडत सांगितलेलं समाजाला चालतं, मन हलकं होतं लोकांचं. तिने 'मला हे हवंय' म्हटलं की बिनसतं.

१९३४ च्या त्यांच्या 'हिंदोळ्यावर' मधली अचला बघा म्हणजे कळेल मला काय म्हणायचंय ते. नवऱ्याने टाकलेली, पण लग्न मोडता येत नाही, कारण तेव्हा हिंदू बाईला घटस्फोटच नव्हता (बडोदा संस्थानात १९३१ ला कायदा झाला होता, मुंबई प्रांतात १९४७, आणि देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ चा). अशी बाई दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि तिला मूल हवं असतं. हवं असतं! यमूला काय हवं होतं हे पूर्ण कादंबरी वाचून सांगा बरं. तिला काय नको होतं हे मी पानंच्या पानं सांगू शकतो. नको म्हणण्यापर्यंत हरिभाऊ तिच्याबरोबर जातात, हवं म्हणायची वेळ आली की थांबतात. पुरुष लेखकाची मर्यादा म्हणा किंवा काळाची म्हणा, पण माझ्या मते बंडखोर नायिकेची खरी कसोटी तिथे आहे.

जुनी_पानं:
वाटसरू, मुद्दा आवडला पण अर्धाच पटला. यमूला हवं होतं की, तिला शिकायला हवं होतं. नवऱ्याबरोबर बरोबरीने बोलायला हवं होतं. आज आपल्याला ते इतकं साधं वाटतं की आपण ते 'हवं' मधे धरतच नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचा (पुस्तक १९१० चं). १८७३ मधे लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीसचे, आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली तर घरातल्याच बायकांनी, हो बायकांनीच, किती टोचून टोचून छळ मांडला इंग्रजी शिकण्यावरून. नवरा एवढा मोठा माणूस असून. दिवसभर माजघरात त्या बायकांमधे राहायचं आणि रात्री पुस्तक उघडायचं, याला लागणारी चिकाटी कमी समजू नका. यमूच्या सासरचं वाचताना मला सतत त्या आठवणी दिसतात, फक्त कादंबरी आधीची आणि आठवणी नंतरच्या.

आणि पुरुष लेखकाबद्दल एक. हरिभाऊंच्या ओळखीत लिहिणाऱ्या बायका होत्या. काशीबाई कानिटकर त्यांच्या अगदी चांगल्या स्नेही, दोघांचा पत्रव्यवहार होता. त्याच काशीबाईंनी १९२८ मधे 'पालखीचा गोंडा' लिहिली, जिच्यात बायकांच्या हाती कारभार असलेलं संस्थान आहे! मराठीत इतक्या लवकर हे लिहिलं गेलं आणि आपण नायिकांच्या यादीत तिचं नावही घेत नाही. रानजाई, तुमच्या गटात दुसऱ्या कोणाला नायिका सापडत नसेल तर त्यांना हे द्या.

पेनाचंटोपण:
एक बारीकशी गोष्ट. शीर्षकच बघा ना. 'कोण घेतो?' 'कोण घेतं' नाही. म्हणजे प्रश्न पुरुषांनाच आहे. बाई लिहितेय आणि तिला माहितीये की लक्षात घ्यायचं तर 'तो'च घेणार किंवा घेणार नाही. मला तरी हे जबरी वाटतं, गटात नक्की सांगा.

वाटसरू:
हाहा, आवडलं, पण जपून. तेव्हा असं पुल्लिंगी बोलायची सर्रास पद्धत होती, आजही आपण 'कोण आला' म्हणतोच की, कोण ते माहीत नसताना. हरिभाऊंनी तेवढा विचार करून 'तो' लावला असेल असं छातीठोक सांगू नका, गटात कोणी व्याकरणवाला असेल तर धुऊन काढेल.

पेनाचंटोपण:
बरं, विचार करून नसेल लावला. पण विचार न करता 'तो'च येतो यातच सगळं आलं ना 😄

रानजाई:
बापरे, दोन दिवस इकडे फिरकले नाही तर एवढं. सगळ्यांचे आभार, आता माझं काय ठरलंय ते सांगते.

नायिका बदलत नाहीये. पण 'यमू बंडखोर आहे' असं सिद्ध करायचा नाद सोडलाय. सोनचाफा म्हणाली ते उसनं सुख, तिथून सुरुवात करणार. मग जुनी पानं मॅडमचं दीड दार. आणि केशवपनाबद्दल एक गोष्ट मला काल शोधताना आठवली जी मी विसरलेच होते, की त्याच १८९० च्या सुमारास मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं होतं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने. विचार करा, इकडे करमणूक मधे यमूची गोष्ट चालू आणि तिकडे ज्यांच्या हातात वस्तरा ते म्हणतायत आम्ही नाही करणार. ज्यांचा त्यावर पोटाचा धंदा ते नाही म्हणू शकले आणि घरातली शिकलेली माणसं नाही म्हणू शकली नाहीत. आडवातिडवा, तुम्ही विचारलंत ना पेन नसलेल्याचं बंड कुठे मोजायचं, तर हे घ्या, बायकांचं नसलं तरी आहे.

वाटसरूंच्या 'हवं' आणि 'नको' वर मात्र अजून अडकलेय. मला वाटतं ते बरोबर आहेत आणि तरी मला यमूच जास्त जवळची वाटते, अचला नाही, आणि याचं कारण कदाचित माझ्यातच आहे. मी पण नको म्हणायला शिकले ते पस्तिशीत, हवं म्हणणं अजून जमतच नाही धड, हॉटेलात सुद्धा 'काहीही चालेल' म्हणते.

सोनचाफा१२:
'काहीही चालेल' 😭 अगदी अगदी

जुनी_पानं:
एकच सूचना, न्हाव्यांच्या सभेचं सांगाल तेव्हा ताराबाई शिंद्यांनाही शेजारी ठेवा. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चं, यमूच्या आठ वर्षं आधीचं. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि सगळे बाईजातीलाच नावं ठेवायला लागले, त्यावर चिडून लिहिलेलं. त्यात यमूसारखं सोसणं नाही, सरळ पुरुषांनाच जाब आहे. कादंबरी नाही म्हणून तुमच्या विषयात बसत नाही, पण बाईच्या आवाजातला राग तेव्हा मराठीत होता, तो फक्त कादंबरीच्या नायिकेला मिळाला नव्हता, हे कळायला तेवढं पुरे.

आडवातिडवा:
न्हाव्यांचं माहीत नव्हतं. मान्य, गप्प बसतो.

म्हणजे पूर्ण गप्प नाही. कालिंदी पुढे आहे हे माझं मत कायम. पण यमू तिसऱ्यांदा काढतोय आज, या वेळी मुंबईचा भाग आधी वाचणार आणि मग मागे जाणार, नाहीतर त्या माहेरच्या प्रकरणांतच माझा जीव जातो. परत झोप लागली तर इथेच येऊन तक्रार करीन.